बाळीवेशीजवळचा वाडा आणि शके १८८३

सोलापूरच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांना गेल्या काही वर्षांत पुन्हा गिऱ्हाईक येऊ लागले आहे. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला बंगला बांधून ज्यांनी पेठ सोडली, त्यांना वाड्याची घरपट्टी भरणेही जिवावर येत असे. आता पुण्यात नोकरी करून गावी परतू पाहणारी जोडपी आणि पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशी यात्रा करणाऱ्यांसाठी निवास काढू पाहणारी मंडळी त्याच वाड्यांसाठी दलालांना फोन करतात. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत शहराचे नाव आल्यानंतर मालकांच्या तोंडचे आकडेही वाढले. मी दिवाणी वकिली करतो आणि अशा खरेदीपूर्वी मालकीहक्काचा शोध घेऊन अहवाल देणे हे माझे नेहमीचे काम आहे.

बाळीवेशीजवळच्या या वाड्याचे कागद पाहिले तेव्हा त्यात हरकत घेण्यासारखे फारसे काही नव्हते. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या तीस वर्षांच्या शोधात ना गहाण निघाले, ना कोणाचे साठेखत, म्हणजे विक्रीचा आगाऊ करार. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) या वाड्याच्या मूळ मालकाचे, म्हणजे विकणाऱ्यांच्या आजोबांचे, नाव कंसात जाऊन (म्हणजे कमी होऊन) त्यांच्या एकुलत्या मुलाचे, आणि त्यांच्यानंतर दोन नातवांचे नाव वारस म्हणून लागलेले होते. हे दोघे भाऊ विकणारे. जाहीर नोटिशीची मुदतही कोणाची हरकत न येता उलटली होती. तरीही वाडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, अशी माझी पद्धत आहे. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी घेणारे जोडपे, त्यांचे अभियंता आणि दोघे भाऊ यांच्यासह मी तिथे गेलो.

बाहेर ऊन रणरणत होते आणि आत ओसरीवर गारवा होता. काळ्या दगडाचे जोते, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशी ती जुनी बांधणी. अभियंत्यांनी लांब पेचकस घेऊन प्रत्येक सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोचून पाहायला सुरुवात केली. माजघरातल्या एका तुळईत पेचकस मुठीपर्यंत सहज गेला आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर भुसा सांडला. दिसणारी तुळई गुळगुळीत आणि ठणठणीत होती. वाळवीने आतले टोक तेवढे खाल्ले होते. घेणाऱ्या बाईंचा चेहरा उतरला, पण अभियंत्यांच्या मते हा खर्चाचा प्रश्न होता, धोक्याचा नव्हे.

धोका त्याच भिंतीवर टांगलेला होता. काचेवर कुंकवाचा सुकलेला टिळा आणि चौकटीला चंदनाच्या ढलप्यांचा काळवंडलेला हार असलेला तो आजोबांचा फोटो होता. खालच्या पट्टीवर वळणदार अक्षरांत लिहिले होते : मृत्यू, शके १८८३, कार्तिक शुद्ध ५. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे हे नोव्हेंबर १९६१ झाले. आजोबा गांधीवधाच्या वर्षी गेले, असे थोरल्या भावाने मला पहिल्या भेटीत सांगितले होते. घरात तसेच बोलले जात असे आणि त्यांनी ते मनापासून सांगितले होते, याविषयी मला आजही शंका नाही. वारस नोंदीच्या फेरफारात मृत्यूची तारीखच नमूद नव्हती.

तेरा वर्षांच्या या फरकाने सगळे बदलत होते. आजोबा १९४८ साली गेले असते, तर तेव्हाच्या कायद्याने वाडा एकट्या मुलाकडे आला असता, कारण आजी त्यांच्याआधीच वारल्या होत्या. परंतु १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि त्यानंतर मृत्यू झालेल्या पुरुषाच्या हिश्श्यात मुलगीही पहिल्या वर्गाची वारस ठरली. मी विचारले, “तुमच्या वडिलांना बहीण होती का?” धाकटे म्हणाले, “आत्या आहेत की, अक्कलकोटला.” आहेत, हा शब्द ऐकून घेणारे गृहस्थ पायरीवरच बसले.

मिळकत पत्रिकेवर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, आणि भावाची वहिवाट कितीही वर्षांची असली तरी तेवढ्याने ती सहहिस्सेदार बहिणीविरुद्ध चालत नाही. वडिलोपार्जित वाड्यात निम्मा वाटा मुलाचा जन्मतःच आणि आजोबांच्या निम्म्यात भाऊ-बहीण दोघे, या साध्या हिशोबाने आत्यांचा हिस्सा वाड्याच्या चौथाईचा होत होता. मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाचा आधार घेऊन त्या निम्म्यापर्यंतही दावा करू शकल्या असत्या. थोरल्यांचे म्हणणे असे पडले की साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेऊ, आत्या नाही म्हणायच्या नाहीत. दुपारीच आम्ही अक्कलकोटला गेलो.

ऐंशी ओलांडलेल्या आत्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, वडिलांच्या मृत्यूची तिथी न विचारता सांगितली आणि मग भाच्यांकडे वळून म्हणाल्या, “अरे, तुम्ही तिथं राहणार असता तर मी कधीच सही केली असती. बापाचा वाडा भाच्यांनी खाल्ला, म्हणून मी काही भांडले असते का? पण विकायचाच आहे ना? मग माझा वाटा मला चेकनं द्या.” थोरल्यांना ते लागले. मला मात्र साडीवर हक्क सोडवून घेण्याची आपल्याकडची रीत कधीच पटलेली नाही, त्यामुळे मी गप्प राहिलो.

पुढे महापालिका होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९६४ च्या आधीच्या नगरपालिकेच्या मृत्यू नोंदवहीतून दाखला काढला आणि तारीख जुळली. आत्यांना खरेदीखतात फक्त संमती देणार म्हणून घ्यावे, असा भावांचा आग्रह होता. मी तो मानला नाही. ज्याचा हिस्सा विकला जातो त्याने लिहून देणार, म्हणजे विकणारा, म्हणूनच सही केली पाहिजे, नाहीतर उद्या त्यांच्या मुलांनी प्रश्न काढल्यास घेणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. चौथाईवर तडजोड झाली आणि खाल्लेल्या तुळईपोटी किंमत थोडी उतरली.

ओसरीलगतच्या खोलीत एक विडी कामगार बाई भाड्याने राहतात. त्यांना आधी बाहेर काढा, असा घेणाऱ्यांचा पहिला आग्रह होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे नियमित भाडे भरणारा भाडेकरू मालक बदलला म्हणून निघत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले. बाईंचा ताबा खरेदीखतात स्पष्ट लिहिला आणि नोंदणीनंतरच्या महिन्यापासून त्यांच्या भाडेपावत्या नव्या मालकांच्या नावाने फाटू लागल्या.