हार्ड डिस्क घेताय? मग दोन घ्या

गेल्या वर्षीपर्यंत मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो की आपला बॅकअप आहे बाबा. म्हणजे काय, तर लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली म्हणून १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, भाचीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, पप्पांचे पेन्शनचे स्कॅन केलेले कागद, सगळं तिच्यात टाकलं आणि लॅपटॉपवरून उडवून दिलं. बॅकअप कसला डोंबलाचा, सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं होतं फक्त.

एका रविवारी कॉपी चालू असताना चहा आणायला उठलो, केबलमध्ये पाय अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर. परत लावली तर टक्.. टक्.. टक्.. बास, एवढंच. आत चकत्या मिनिटाला ५४०० वेळा फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं, बंद असताना पडली असती तर कदाचित वाचली असती कारण तेव्हा हेड बाजूला पार्क असतं, पण चालू असताना आपटली की कठीण. डेटा काढून देणाऱ्याने पंचवीस हजार सांगितले, वर 'सगळं मिळेलच असं नाही'. वॉरंटीत होती, पण वॉरंटी डिस्कची असते, फोटोंची नाही.

तर आता दोन घेतल्यात, २ टीबीच्या. एसएसडीचा (चिपवर साठवणारी डिस्क) मोह झाला होता, आत फिरणारं काही नाही त्यामुळे पडली तरी सहसा काही होत नाही, पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त, शिवाय वर्षानुवर्षं करंटशिवाय कपाटात पडून राहणं तिला मानवत नाही. नुसतं साठवून ठेवायला साधी हार्ड डिस्क बरी. ती पण छोटी, अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

ऑनलाइन '१६ टीबी फक्त हजार-दीड हजारात' असलं काही दिसलं तर पुढे सरका. आत एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि ते कॉम्प्युटरला १६ टीबी आहे म्हणून थापा मारतं, कॉपी झाल्यासारखं पण दिसतं, नंतर फाईल उघडत नाही. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क खरोखर भरून, परत वाचून बघतं. मी नवीन डिस्क आल्याआल्या क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण बघितलं, पॉवर ऑन अवर्स (डिस्क आजवर किती तास चालली ते) शून्याच्या आसपास पाहिजेत, शेकड्यात असले तर कुणाची तरी वापरलेली आहे. आणि २ टीबीच्या जागी १.८१ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका (पप्पा निघाले होते!), कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, एक्सफॅट केलं कारण ताईकडे मॅक आहे आणि मॅक विंडोजचं एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यात लिहित नाही. जुन्या फॅट३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ गेलाच. फक्त एक्सफॅट जरा नाजूक आहे, मध्येच केबल उपटली तर रुसतं, त्यामुळे इजेक्ट केल्याशिवाय काढायची नाही.

आणि केबल निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टातच लावा. पहिल्यांदा मी जुन्या यूएसबी २.० पोर्टात लावली, सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना, ४०० जीबीला तीन तासांच्या वर. निळ्यात तेच तासाभरात, अर्थात बारीकसारीक फोटो हजारोंनी असले की तिथेही रखडतं.

एक डिस्क माझ्याकडे, एक ताईकडे. राखीला आणि भाऊबीजेला जातो तेव्हा ताजी कॉपी केलेली तिच्याकडे ठेवायची आणि तिची घेऊन यायची, ओवाळणीच्या पाकिटाबरोबर डिस्क. ताई म्हणते पाकीट पातळ झालंय, डिस्क जाड.

जुनी मेलेली डिस्क अजून ड्रॉवरमध्येच आहे. फेकणार होतो, पण आई फेकू देत नाही. दर दोन-चार महिन्यांनी विचारते, "अरे, ती टकटक करायची ती दुरुस्त झाली का रे?"