असला माणूस नायक?

खुनी, लफंगे, घरच्यांना छळणारे पुरुष ज्यांच्या मध्यभागी आहेत अशी पुस्तकं आणि सिनेमे मी आवडीने वाचते, बघते. तरी मधूनच एखाद्या गाजलेल्या सिनेमाला नावं ठेवते. मग ठरलेला प्रश्न येतो: तुमचा आक्षेप नेमका कशाला, नायक वाईट असण्याला की अंगावर येणाऱ्या दृश्यांना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दोन्हींना नाही. माझा डोळा असतो मार खाणाऱ्या माणसावर. तडाखा बसल्यावर तो गोष्टीत उरतो की दृश्य संपलं की गायब होतो?

नाबोकोव्हची 'लोलिता' ही कादंबरी (1955) घ्या. बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणारा हंबर्ट स्वतःच निवेदक, आणि जिभेवर साखर. वाचता वाचता आपण माना डोलवायला लागतो. अशात एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला तो जाता जाता सांगून टाकतो की मी झोपेचं सोंग घेतलं की ती रडायची, रोज रात्री. बस, एवढंच. पण तेवढ्याने मागची सगळी पानं नासतात. निवेदन त्याचं, शब्द त्याचे; तरी लेखकाने त्या रडण्याला फट ठेवली.

हिचकॉकच्या 'सायको'त (1960) न्हाणीघरातल्या खुनाबद्दल सगळे बोलतात. मला त्यानंतरचा भाग जास्त हादरवतो. मॉटेल चालवणारा नॉर्मन टब धुतो, फरशी पुसतो, प्रेत पडद्यात गुंडाळून डिकीत टाकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. तो गोंधळून इकडेतिकडे बघतो. आणि आपण? 'बुड की एकदाची!' ज्या नायिकेसोबत सुरुवातीपासून होतो, तिचंच प्रेत त्या डिकीत आहे. धक्का म्हणतात तो हा. न्हाणीघरात रक्त म्हणून वाहत होतं ते तर चॉकलेटचं सिरप.

आता ज्याला मी नावं ठेवते ते. नायक पोरीच्या कानाखाली वाजवतो, पार्श्वसंगीत चढतं, कॅमेरा खालून त्याचा जबडा दाखवतो. पुढच्या दृश्यात पोरीच्या गालावर वळही नाही, वर ती प्रेमात. दुसरा प्रकार त्याहून स्वस्त: पहिल्या दहा मिनिटांत बायकोला मारायचं आणि उरलेले दोन तास नवऱ्याने सूड घेत हिंडायचं. त्या बाईचा आवाज कसा होता, हेही आठवत नाही.

शेवटी शिक्षा दाखवली की भागलं, असं काहींना वाटतं. हॉलिवूडमध्ये 1934 ते 1968 अशी नियमावली राबवली गेली: गुन्ह्याबद्दल सहानुभूती नको, गुन्हेगाराचं भलं होता कामा नये. पण शेवटच्या रिळात गोळी घातली म्हणून आधीचा रुबाब थोडाच पुसला जातो?

आणि बंदीचं म्हणाल, तर तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकात साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, हरकत घेतली होती. डाग निळा केला गेला, आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगितलं गेलं. कात्रीने एवढंच साधतं. चालवायचीच असेल तर आधी पार्श्वसंगीतावर चालवून बघा. निम्मे नायक तिथेच आडवे होतील.