पेटी पुसल्यासारखा आवाज, चार बोटं आणि एकताल

बेस गिटार घेऊन आता दीड वर्ष होत आलं. पुण्याच्या एका ओळखीच्या पोराकडून सेकंडहँड आणला, परभणीपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आलो, आणि घरी आल्या आल्या बाबांचा पहिला प्रश्न, "याला दोन तारा कमी काहून हायत?" बाबा गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात, त्यामुळं घरात संगीताचं शेवटचं बोलणं त्यांचंच.

सुरुवातीला मी डायरेक्ट गाणी वाजवायला गेलो आणि पार तोंडावर पडलो. एका हळदीच्या कार्यक्रमात कीबोर्डवाला म्हणाला सूर एक पट्टी वर घे, आणि मी आपला फ्रेटबोर्डकडं, म्हणजे बोटं दाबायच्या दांडीकडं, बघत उभा, कारण मला गाणं पाठ होतं, सूर कुठं बसलेत ते नाही. अर्धं गाणं नुसता हात हलवत उभा राहिलो, आवाज बंद करून. त्या रात्री ठरवलं, आता क्रोमॅटिक स्केल नीट बसवायचा, मग बाकीचं.

क्रोमॅटिक म्हणजे काय तर बाराच्या बारा सूर ओळीनं, एकही न गाळता. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मध्यम. बेसच्या दांडीवर आडव्या पट्ट्यांनी घरं पाडलेली असतात, तेच फ्रेट, आणि एक फ्रेट म्हणजे एक सूर, त्यामुळं वाटतं लई सोपं. मी पहिल्या दिवशी हे वाजवलं तर बाबा आतून म्हणाले, "आरं हे काय गाणं झालं का, हे तर पेटी पुसल्यासारखं वाजतंय." आणि खरंच तसंच असतं हो, एकादशीच्या आधी ते फडक्यानं पट्ट्या पुसतात, भात्यात हवा राहिलेली असली की काळ्यापांढऱ्या ओळीनं कुईकुई करत जातात, तोच क्रोमॅटिक स्केल. रागात असं कुणी सरळ जात नाही म्हणे, ललत रागात दोन मध्यम लागून येतात तेवढंच.

पण पेटीचा फायदा झाला. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी, हे मला पाठच होत नव्हतं, बाबांनी पेटीवर दाबून दाखवलं, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. झालं, डोक्यात बसलं.

आता खरी गंमत. दोन तारांमध्ये अंतर पाच फ्रेटचं आणि आपली बोटं चार. मोकळ्या तारेपासून सुरू केलं तर अडचण नाही, मोकळी तार एक आणि चार बोटांचे चार, झाले पाच, मग पुढची तार. फक्त उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं आलटून पालटून चालत असतात आणि पाच विषम, त्यामुळं प्रत्येक तारेची सुरुवात दुसऱ्याच बोटानं होते, तिथं मी पंधरा दिवस अडखळत होतो आणि कळतच नव्हतं की चूक डाव्या हातात नाहीये.

वर, म्हणजे पाचव्या फ्रेटपासून सुरू केलं की मोकळी तार मदतीला येत नाही. जाड तारेवर पाच सहा सात आठ वाजवले, आता नववा कोण वाजवणार? तर तो सूर पुढच्या तारेवर चौथ्या फ्रेटला असतो. म्हणजे हात एक घर मागं घ्यायचा, चार ते सात, मग तिसऱ्या तारेवर अजून एक घर मागं, तीन ते सहा, आणि शेवटच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला वरचा सूर, म्हणजे सुरुवातीचाच सूर वरच्या सप्तकातला. सूर चढतोय आणि हात उतरतोय, डोकं लई गरगरतं सुरुवातीला. त्यात मागं यावं तसे फ्रेट रुंद होत जातात, चौतीस इंची बेसवर पहिलं घर जवळपास पावणेपाच सेंटिमीटर आणि बाराव्या फ्रेटच्या पुढचं त्याच्या निम्मं, त्यामुळं माझी करंगळी प्रत्येक तारेला जास्तच रडते. करंगळी फ्रेटच्या पट्टीला चिकटून दाबली तर ठीक, जरा मागं राहिली की तार भुणभुणते. आणि वाजवून झालेली बोटं उचलायची नाहीत, हे मला फार उशिरा समजलं.

पण बघा, तीन तारा गुणिले चार सूर, बरोबर बारा. मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून ठोके देणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकून कंटाळलो होतो, म्हणून तबल्याच्या ॲपवर एकताल लावला, बारा मात्रा, लय साठ. एका मात्रेला एक सूर, धिं धिं धागे तिरकिट, आणि वरचा सूर थेट समेवर, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर. कुठं एक सूर जरी गिळला तरी सम चुकते आणि लगेच कळतं. मेट्रोनोममध्ये हे लपून जायचं.

लाईट गेली तरी प्रॅक्टिस चालते. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, बंद पडला की बेसचं डोकं, खुंट्यांचं टोक, लाकडी दाराला टेकवायचं, अख्खं दार घुमतं. मे महिन्यात दुपारी दोनला अर्धा अर्धा तास तसंच वाजवलंय, घाम तारांवर पडतो म्हणून मांडीवर बाबांचं जुनं उपरणं. तारा पुसल्या नाहीत तर गंजतात आणि नवा सेट मागवायचा म्हणजे खिशाला चाट.

परवा एकतालात सलग आठ आवर्तनं, म्हणजे तालाच्या आठ फेऱ्या, बरोबर समेवर आलो. बाबा बाजेवर पडून हातावर टाळी मोजत होते, डोळे मिटूनच म्हणाले, "बरं, आता उतर."

उतरताना वरचा सूर दुसऱ्या फ्रेटला तर्जनीनं आणि त्याच्या खालचा लगेच शेजारच्या तारेवर सहाव्याला करंगळीनं. पहिल्याच उडीला करंगळी पाचव्यावर पडली.

"पुन्हा," बाबा म्हणाले, टाळी चालूच.