गवार निवडता निवडता

आज गवार निवडताना यूट्यूब आपोआप पुढे पुढे जात होतं आणि एकदम मॅसेडोनियाचं गाणं लागलं. २०१३ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, स्वीडनमधलं माल्मो. 'प्रेद दा से राझदेनी', म्हणजे उजाडण्यापूर्वी. लोझानो हा तरुण गायक मॅसेडोनियनमध्ये गातो, आणि मग सत्तरीला टेकलेली एस्मा रेजेपोव्हा रोमानीत, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेत आवाज लावते. काय आवाज! तो बिचारा पोरगा दिसेनासाच होतो.

आई आतून ओरडली, "कोण गं ही, पंजाबी आहे का?"

अगदीच चूक नाही. रोमा लोकांची मुळं आपल्याकडचीच. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान. १९७६मध्ये चंदीगडच्या रोमा महोत्सवात एस्माला 'रोमा संगीताची राणी' म्हणून गौरवलं होतं.

आधी या दोघांचं वेगळंच गाणं ठरलेलं, पण देशात टीका झाली म्हणून बदललं. हेही अंतिम फेरीत पोचलं नाहीच. (युरोपच्या परीक्षकांचे कान मला कधी कळले नाहीत.) एस्मा २०१६मध्ये गेली.

मी चार वेळा ऐकलं. गवार अजून अर्धी तशीच.