मुलीला आर्ट्सला घालू का?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते आहे. बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला ओळखीच्या घरांतून, नात्यातल्या मंडळींकडून आणि पुष्कळदा अगदी अनोळखी पालकांकडूनही येतो : मुलीला गुण चांगले आहेत, तरी ती आर्ट्सला जायचे म्हणते, तिला जाऊ द्यावे का, आणि दिले तर कोणता विषय, कोणत्या महाविद्यालयात? मी मुंबईत समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे माझे उत्तर ‘हो’ असणार असे विचारणाऱ्याने धरलेलेच असते. उत्तर ‘हो’च आहे, पण त्याला एक अट आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या मुलीकडून प्रत्यक्षात काय करून घेतले जाणार आहे, म्हणजे किती वाचून घेतील, किती लिहून घेतील, आकडे हाताळायला शिकवतील का, वर्गाबाहेर नेतील का, हे पाहून विषय आणि महाविद्यालय ठरवा. महाविद्यालयाच्या नावाला आणि विषयाच्या ‘स्कोप’ला त्यानंतरची जागा द्या.

आधी पोटापाण्याचे बोलू, कारण ज्या घरात एकच पगार येतो त्या घराने तो प्रश्न विचारलाच पाहिजे. नुसत्या बी.ए.वर ठरलेली अशी नोकरी मिळत नाही. नुसत्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम.वरही ती सहसा मिळत नाही, एवढे मात्र तुलना करताना लक्षात असू द्या. बी.ए.नंतर एम.ए., तीन वर्षांचे एलएल.बी., बी.एड., समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा असा पुढचा टप्पा बहुतेकांना गाठावा लागतो. म्हणून खर्चाचा आणि धीराचा हिशेब पाच वर्षांचा मांडावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात आणि त्या यादीत आमचे बहुतेक विषय आहेत, हे खरे आहे. तरीही केवळ त्या परीक्षेसाठी विषय निवडू नये असे मी आग्रहाने सांगते. ती परीक्षा फार थोडे जण पार करतात, आणि ज्या विषयाकडे फक्त पायरी म्हणून पाहिले त्याने परीक्षा हुकल्यावर हाताशी काही उरत नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र मुंबईसारखे शहर क्वचित मिळेल. १९३६ मध्ये सुरू झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला आहे. तेथून जवळच, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आणि कालिन्याच्या संकुलात मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आहेत. लोकलचा पास काढून या साऱ्या ठिकाणी पोहोचता येते. बाहेरगावच्या मुलांना येथे राहण्या-जेवण्याचा जो खर्च पडतो तो मुंबईकर मुलांचा वाचतो, आणि ही सवलत आपल्याच घरांच्या लक्षात येत नाही याचे मला फार वाईट वाटते.

आता विषयाचे. कोणता विषय आपला, हे अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचून कळत नाही. मी मुलांना एखादी घटना समोर ठेवायला सांगते आणि त्या घटनेविषयी त्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो ते पाहते. मुंबईत राहणाऱ्या मुलांसाठी मी बहुधा गिरणी संप घेते, कारण कोणाचे ना कोणाचे आजोबा त्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी हा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही.

एखादा मुलगा लगेच विचारतो की गिरण्या खरोखर तोट्यात होत्या का, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे का सरकले, आणि खालची जमीन वरच्या कापडापेक्षा महाग झाल्यावर मालकाने गिरणी का चालवावी. हा मुलगा अर्थशास्त्राचा आहे. दुसरी विचारते की एवढे कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे असताना वाटाघाटींत त्यांना स्थान का मिळाले नाही. तिला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा वाचावा लागेल, कारण त्या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता मिळत होती आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. पुढे जाऊन तिला १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियमही भेटेल, ज्यात गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करण्याची तरतूद होती, आणि २००१ च्या बदलाने ती वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती कशी उरली हेही तिला पाहावे लागेल. ही मुलगी राज्यशास्त्रात रमेल. तिसरी म्हणते, पगार बंद असताना घर कसे चालले? खानावळ चालवणाऱ्या बाईने उधारी किती महिने सोसली, गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहणारे किती जण कोकणात आणि घाटावर परतले, परत गेलेल्यांना गावात कोणते काम मिळाले, घरातल्या बायका कोणत्या कामाला बाहेर पडल्या? ही माझ्या वर्गात येणार, हे मला तेव्हाच कळते. आणि मालकांचे कागद, सरकारचे कागद जपले गेले असतील, तर कामगारांचे कोठे आहेत, असे विचारणाऱ्याने इतिहास घ्यावा. त्याला काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात बसायला आवडेल, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून घ्यायलाही.

असा पहिला प्रश्न ज्याच्या मनात येतच नाही, त्याला सक्तीने आमच्याकडे पाठवू नये. सायन्सला गुण कमी पडले म्हणून आर्ट्स, ही वाट मुलासाठीही वाईट आणि वर्गासाठीही.

मानसशास्त्राला सध्या सर्वाधिक मागणी आहे, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. त्यात प्रयोग आणि संख्याशास्त्र बरेच असते, आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर पदवीनंतर पुष्कळ शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘मला माणसांशी बोलायला आवडते’ एवढ्या कारणावर तो घेऊ नये.

हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जात असले तरी चांगल्या अभ्यासात ते एकमेकांना सोडत नाहीत, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण याच शहरातले आहे. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेले भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबर त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, आणि १९२३ मध्ये त्यांचा ग्रंथ आला तो रुपयाच्या प्रश्नावर. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडीस हे जीवशास्त्राकडून नगररचनेकडे आलेले होते. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला, आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे पुढे नामवंत झालेले अभ्यासक सारे त्यांचे विद्यार्थी. या परंपरेचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बी.ए. म्हणजे उरलेल्यांची जागा, असे मुंबईत कोणी म्हणाले की हीच नावे मी सांगते.

सध्याच्या रचनेत विषय जोडायला थोडी मोकळीक मिळाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही एक मुख्य विषय म्हणजे मेजर, एक दुय्यम विषय म्हणजे मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतले खुले विषय, अशी मांडणी आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते. ऑनर्सनंतरची एम.ए. एका वर्षाची असते. कागदावर हे चांगले दिसते, पण मायनरची निवड त्या महाविद्यालयात शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे आहेत यावर अवलंबून राहते, आणि चौथे वर्ष त्याच विषयात तेथेच मिळेल याची खात्री नसते. प्रवेश घेण्यापूर्वी हे दोन्ही प्रश्न कार्यालयात स्पष्टपणे विचारा. मायनर निवडताना माझा सल्ला एकच असतो : मुख्य विषय कोणताही असो, जेथे शक्य असेल तेथे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र जोडीला घ्यावे. अर्थशास्त्र मेजर असेल तर गणित सोडू नये, कारण पुढच्या प्रवेश परीक्षांत ते आडवे येते. जनगणनेचा तक्ता वाचता येणारी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आणि न येणारी, यांच्यापुढे पाच वर्षांनी येणारी कामे अगदी वेगळी असतात.

यानंतर विभाग पाहावा, आणि हे काम पालक जवळजवळ कधीच करत नाहीत. कट-ऑफ किती टक्क्यांना बंद झाला हे सर्वांना तोंडपाठ असते, पण त्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत हे कोणी विचारत नाही. राज्यात प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारे, शिक्षक वर्ग चालवतात. त्यांच्यात उत्तम शिकवणारे अनेक आहेत, पण दोन महाविद्यालयांत तास घेऊन धावणाऱ्या माणसाकडे तुमच्या मुलीचा निबंध तपासून तिच्याशी अर्धा तास बोलायला वेळ कोठून येणार? ही स्थिती बदलली पाहिजे. तोवर पाहून पाऊल टाकावे. ग्रंथालयात जाऊन त्या विषयाची कपाटे पाहा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या : ‘टीपा लिहा’ आणि ‘वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ यांच्यापलीकडे काही विचारलेले आहे का? मुलांना क्षेत्रकार्यासाठी नेतात का, आणि नेले तर परतल्यावर अहवाल लिहून घेतात का? नावाजलेल्या महाविद्यालयातला थकलेला विभाग आणि उपनगरातल्या साध्या महाविद्यालयातला जागरूक विभाग, असे दोन्ही मी पाहिले आहेत, आणि मुलीला मी यांतल्या दुसऱ्या विभागात पाठवीन.

खर्चाच्या बाबतीत, अनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान मिळणाऱ्या, तुकडीतले बी.ए. अजूनही वर्षाला काही हजार रुपयांत होते, आणि याच महाविद्यालयांतले विनाअनुदानित अभ्यासक्रम त्याच्या कित्येक पट महाग असतात. अर्ज भरताना तुकडी कोणती हे तपासावे. खासगी विद्यापीठांतले लिबरल आर्ट्सचे अभ्यासक्रम वर्षाला लाखांत जातात. तेथे वर्ग लहान असतात, लेखन नेटाने शिकवले जाते, विषय बदलता येतो, आणि हे सारे मोलाचे आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर जावे. घर गहाण ठेवून किंवा मोठे कर्ज काढून मात्र पदवीच्या पातळीवर जाऊ नये, कारण पहिल्या नोकरीच्या पगारातून तो हप्ता निघत नाही आणि मुलीला आवडीचे काम सोडून मिळेल ते धरावे लागते. कर्ज काढायचेच असेल तर ते पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पालक भाषेबद्दल हळू आवाजात विचारतात, आणि त्यांना मी मोठ्याने सांगते की भिण्याचे कारण नाही. कला शाखेतले बरेच विषय मराठीतून लिहिता येतात. माझ्या एका विद्यार्थिनीने परळच्या चाळीतल्या बायकांच्या भिशीवर प्रकल्प केला. त्या बायका तिच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलल्या तितक्या बाहेरून आलेल्या संशोधकाशी बोलल्या नसत्या. मात्र या विषयांतले पुष्कळसे वाचन इंग्रजीत आहे, आणि ते तिसऱ्या वर्षापर्यंत टाळत राहिले तर एम.ए.चा दरवाजा जड होतो. पहिल्याच वर्षापासून आठवड्याला एक इंग्रजी लेख, शब्दकोश जवळ घेऊन, पूर्ण वाचावा आणि त्याचा सारांश मराठीत लिहावा. हा सराव करणारी मुले दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर इंग्रजी सहज वाचू लागतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

यादी लागेपर्यंत काय करावे, असे तुम्ही शेवटी विचारले होते. जी दोन-तीन महाविद्यालये मनात आहेत तेथे मुलीला एकटीला जाऊ द्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी भेटतील, त्यांना तिने एवढेच विचारावे की गेल्या सत्रात तुम्ही कोणते पुस्तक पूर्ण वाचलेत आणि तुमचे लिखाण कोणी तपासून परत दिले का. ज्या विभागातली मुले या दोन प्रश्नांना थांबून, आठवून, उत्साहाने उत्तर देतील, त्या विभागाचे नाव अर्जात पहिल्या पसंतीला लिहा.