आमची वाटचाल : ग्राफ्ट गेला कुठे?

२००९ साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही हाडाचे सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप, करायला लागलो. नमुने कॉलेजांच्या प्रयोगांतले : सशाच्या हाडात ग्राफ्ट, म्हणजे हाड भरून यावं म्हणून घातलेले कृत्रिम दाणे. डायमंड सॉ जुना घेतलेला. त्यावर ब्लॉक धरायचा चक माझ्या भागीदाराने स्वतः लेथवर बनवला, तो आजही चालतो. प्लास्टिकमध्ये बसवलेलं हाड कापायचं आणि घासत घासत ५० मायक्रॉनपर्यंत आणायचं. घाई केली की ग्राफ्टचा दाणा निखळतो. हे वाचून कळत नाही, बोटांनाच कळतं.

आम्हाला एका नमुन्याला दीड महिना लागे. २०१४ मध्ये दुसऱ्या एका लॅबने दहा दिवसांत, निम्म्या दरात रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. ती लॅब हाड ॲसिडमध्ये मऊ करून पॅराफिन मेणात बसवून कापे. पद्धत वाईट नाही, पेशी बघायला उत्तमच. पण ग्राफ्टचे दाणे ज्याचे असतात ते हायड्रॉक्सीॲपेटाइट हेही हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेटच. हाडातलं खनिज जातं, तसा ग्राफ्टही ॲसिडमध्ये जातो आणि स्लाइडवर पोकळी उरते. ती पोकळी बघून ते लिहीत, ‘आठ आठवड्यांत ग्राफ्ट पूर्ण शोषला गेला.’ भट्टीत पक्का भाजलेला दाणा सशाच्या हाडात आठ आठवड्यांत संपत नाही हो!

एकेक कॉलेज तिकडे गेलं. चार महिन्यांचं भाडं थकलं, सॉ विकायचं ठरलं होतं. तेव्हा एका डेंटल कॉलेजच्या मॅडमनी एकाच नमुन्याचे दोन भाग केले. एक तिकडे, एक आमच्याकडे. तिकडून ‘ग्राफ्ट दिसत नाही’ आलं. आमच्या गोल्डनर रंग दिलेल्या सेक्शनवर हिरवं नवं हाड, त्याच्या कडेला अजून खनिज न भरलेला लाल ऑस्टिऑइड, आणि मधोमध दाणे जागच्या जागी. मॅडमनी त्यानंतरचं सगळं काम आमच्याकडेच दिलं. त्या लॅबने मात्र जुना एकही रिपोर्ट दुरुस्त केला नाही. ते आकडे कुणाच्या तरी थिसिसमध्ये तसेच छापलेले आहेत, ही सल जात नाही.

पीजीच्या मुलांना एवढंच सांगतो : नमुना त्याच्या दहापट न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं, आंबट नसलेलं द्रावण) टाका, पण महिनोन्महिने तिथे ठेवू नका. जुनं फॉर्मॅलिन आंबट होतं आणि कडेचं कॅल्शियम खातं. नमुना नीट फिक्स झाला, म्हणजे टिकाऊ झाला, की ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. प्राण्याला कॅल्सीन (नव्या हाडात बसून चमकणारा रंग) दिलं असेल तर डबीवर तसं लिहा, म्हणजे एक सेक्शन आम्ही रंग न देता राखून ठेवतो.