मंगळावरचा चेहरा आणि आईचं ‘कशावरून?’

मागच्या पावसाळ्यात आईच्या फोनवर कुणीतरी तो प्रसिद्ध फोटो पाठवला. मंगळावरची एक टेकडी आणि तिच्यावर आकाशाकडे बघणारं माणसाचं तोंड. “अरे, हे खरं आहे का?” तिने जेवताना विचारलं. “सावल्यांचा खेळ आहे, आई,” मी म्हणालो. तिने विचारलं, “कशावरून?”

मला सांगता येईना. पाठवणाऱ्याचं ऐकीव होतं, तसं माझंही ऐकीवच होतं. हे मनाला लागलं आणि त्या रात्री मी मूळ फोटोपासून सुरुवात केली.

तो २५ जुलै १९७६चा. व्हायकिंग १ यान मंगळाभोवती फिरत व्हायकिंग २साठी उतरायची जागा शोधत होतं, तेव्हा सायडोनिया नावाच्या भागावरून त्याने तो टिपला. सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर होता, म्हणजे टेकडीची अर्धी बाजू अंधारात. फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ५० मीटरांएवढा. त्यामुळे तो ‘डोळा’ मोजक्याच ठिपक्यांचा बनलेला आहे. नाकपुडी वाटणारा काळा ठिपका तर मंगळावर नाहीच; यानाकडून माहिती येताना तेवढा तुकडा गळाला होता. सहा दिवसांनी नासाने फोटो प्रसिद्ध केला, तेव्हाच सावल्यांमुळे चेहरा भासतो असं सोबत लिहिलं होतं. फोटो जगभर फिरला, ती ओळ मात्र मागे पडली याचं मला आजही वाईट वाटतं.

मग त्याच टेकडीचे नंतरचे फोटो शोधून काढले. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाचे १९९८ आणि २००१चे, आणि मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचा २००७चा, ज्यात मीटरभराचे दगडसुद्धा दिसतात. तिथे एक झिजलेली, सपाट माथ्याची टेकडी आहे. चेहरा नाही.

इथे थांबता आलं असतं, पण मला स्वतःला बघायला शिकायचं होतं. हायराइजचे फोटो सगळ्यांसाठी खुले आहेत, म्हणून मी रोज रात्री एक उघडू लागलो आणि वहीत लिहू लागलो: इथे टेकडी, इथे खड्डा. आठवडाभराने एक फोटो सहज उलटा फिरवला आणि माझ्या सगळ्या टेकड्या खाली बसून खड्डे झाल्या! पोटात गोळाच आला. कारण समजायला दोन दिवस गेले. उजेड वरून येतो हे आपला मेंदू गृहीत धरतो, कारण जन्मभर डोक्यावर सूर्यच पाहिलेला असतो. हायराइज ज्याच्यावर आहे ते यान मात्र मंगळाच्या एखाद्या भागावरून दिवसा जातं ते साधारण दुपारी तीनच्या सुमारास. त्यामुळे उत्तर वर ठेवून मांडलेल्या फोटोत ऊन बहुतेक वेळा डावीकडून, पश्चिमेकडून येतं. उजेडाची दिशा चुकली की खोल आणि उंच यांची अदलाबदल होते.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. आकार शोधण्याआधी कागदावर उन्हाचा बाण काढायचा. उन्हाकडची कड उजळ असेल तर उंचवटा, काळी असेल तर खड्डा. फोटोसोबत सूर्याची उंची दिलेली असते, तीही बाजूला लिहायची. आणि एका फोटोवर कधीच भागवायचं नाही. त्याच जागेचा वेगळ्या उन्हातला दुसरा शोधायचाच.

आईला हे सगळं शब्दांत सांगून पटेना. मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवा घालवला. तिने परातीत कणकेचा गोळा थापला, मधे चिमटीने उंचवटा केला, वर दोन लहान गोळ्या चिकटवल्या. मी बॅटरी परातीच्या काठाला टेकवून आडवी धरली. भिंतीसारख्या लांब सावल्या पडल्या आणि कणकेत एक तोंड उमटलं. बॅटरी हळूहळू वर नेली तसं ते विरघळलं. आईने बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः तीन-चार वेळा खालीवर करून पाहिली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला मंगळावरचंच गॅले विवर दाखवलं. २३० किलोमीटर रुंदीचं, आत दोन डोळे आणि हसरी जिवणी. “हीपण सावलीच?” ती म्हणाली. मी मान हलवणार होतो, पण थांबलो. वेगवेगळ्या यानांचे फोटो शेजारी शेजारी लावले. ऊन बदललं तरी हसू जात नव्हतं. कारण ती जिवणी म्हणजे खरीखुरी वाकडी डोंगररांग आहे आणि गोल चेहरा म्हणजे विवराची कड. ते हसू कुणी कोरलेलं नाही, पण तिथला आकार खरा आहे.

आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, “चंद्रावरचा ससा मग कुठल्यातला?”

रविवारी पौर्णिमा आहे. दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवली आहे.